ड्रग्जच्या भानगडीत खून दुसऱ्यानेच केला, तर नुसती गाडी देणाऱ्यावर खुनाचा खटला कसा काय चालू शकतो? आणि चोरी ड्रग्ज विकणाऱ्या डीलरकडे झाली म्हणून काही सूट मिळते का?

चालू शकतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत चालतो, आणि तुम्ही विचारताय जवळपास तसंच फ्लोरिडात घडलेलं आहे. कायदा शिकताना हा खटला मी वाचला आणि तेव्हापासून तो काही डोक्यातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

10 मार्च 2003, फ्लोरिडातलं पेन्साकोला शहर. रात्रभर पार्टी झालेली, 20 वर्षांच्या एका मुलाने पहाटे रूममेटला आपली गाडी दिली आणि स्वतः झोपला. रूममेट आणि अजून तिघं त्या गाडीतून दीडेक मैलावरच्या एका घरी गेले, तिथली बाई गांजा विकायची आणि तिची तिजोरी त्यांना उचलायची होती. घरात तिची 18 वर्षांची मुलगी होती. त्यांच्यातल्या एकाने त्याच घरात सापडलेल्या शॉटगनने, म्हणजे लांब बंदुकीने, झोडपून झोडपून तिचा जीव घेतला. तिजोरीत निघालं काय, तर अर्धा किलोच्या आसपास गांजा आणि 425 डॉलर.

तिथे 'फेलनी मर्डर' नावाचा नियम आहे. दरोडा, घरफोडी असा गंभीर गुन्हा चालू असताना कोणी मेलं तर त्या गुन्ह्यात सामील असलेले सगळेच खुनी, मारायचा इरादा होता की नाही हे सिद्ध करायची गरजच नाही. त्यामुळे गाडी देणाऱ्याचा खटला एकाच प्रश्नावर आला, याला चोरीचं माहीत होतं का? पोलिसांना दिलेल्या जबाबात तो माहीत असल्यासारखं बोलून गेला होता, कोर्टात म्हणाला की मला ती थट्टा वाटली. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांनी, पोलिसांकडचा जबाबच खरा धरला. सरकारी वकिलाचं म्हणणं सरळ होतं, गाडी नसती तर खून झालाच नसता.

खटल्याआधी त्याला 10 वर्षांच्या शिक्षेची ऑफर होती, गुन्हा कबूल कर आणि तेवढ्यावर सुट. त्याने नाकारली, कारण आपण झोपलेलो असताना झालेल्या खुनाचे आपण आरोपी कसे हेच त्याला पटेना. मग झाली पॅरोलशिवाय जन्मठेप, म्हणजे मरेपर्यंत तुरुंग. 2015 मध्ये गव्हर्नरने ती 25 वर्षांवर आणली.

माझं मत विचाराल तर चोरीला मदत केल्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी होती, खुनाची नाही. इंग्लंडने हा नियम 1957 मध्येच काढून टाकला, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये घटनाबाह्य ठरवला, कॅलिफोर्नियानेही 2018 मध्ये कायदा बदलून त्याची व्याप्ती बरीच कमी केली, आणि म्हणून तिथे गुन्हेगार मोकाट सुटले असं नाही, मुद्दाम जीव घेणारा आजही खुनीच ठरतो.

डीलरकडची चोरी म्हणून काही सूट मिळते का, हेही तुम्ही विचारलंय. नाही मिळत. माल बेकायदेशीर असला तरी घर फोडणं ते घर फोडणंच. उलट डीलर पोलिसांकडे जाणार नाही म्हणून लोकांना तो सोपा वाटतो, आणि पोलिसांकडे जाता येत नाही म्हणूनच अशा घरांत बंदूक हाताशी असते. इथे त्याच बंदुकीने घरातली पोरगी गेली. तिच्या आईलाही पुढे गांजापायी तुरुंगात जावं लागलं.