लिटररी एजंट होऊन आरमारी इतिहास लिहू पाहणाऱ्यास

सप्रेम नमस्कार.

लंडनमध्ये लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारा मध्यस्थ, म्हणून काम करायचे आणि जोडीला ब्रिटिश आरमाराचा इतिहास लिहायचा, हा तुमचा बेत वाचला. बेत अशक्य नाही. मात्र पोट एजन्सीवर भरेल, इतिहासावर नाही, हे पहिल्यापासून धरून चाला. एजंटाला देशातील विक्रीवर साधारण १५ टक्के आणि भाषांतराच्या हक्कांवर बहुधा २० टक्के कमिशन मिळते, तेही पुस्तक प्रकाशकाला विकले गेल्यावरच. नवख्याच्या हाती सुरुवातीला फारसे काही लागत नाही, म्हणून आधी एखाद्या एजन्सीत पगारी साहाय्यक व्हावे. करारनामे आणि रॉयल्टीची विवरणपत्रे वाचण्याचे कंटाळवाणे काम तिथे तुमच्या गळ्यात पडेल; ते टाळू नका. हस्तलिखितावर मत द्यायला पुष्कळ जण पुढे येतात, पण पुस्तक बाजारातून गेल्यावर हक्क लेखकाकडे केव्हा परत येतील हे कलम डोळ्यांत तेल घालून वाचणारा विरळा.

इतिहासाचे काम सुरू होते ते लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात. कप्तानांची लॉगबुके, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदवह्या, आरमारी कागदपत्रांच्या एडीएम ५१ या मालिकेत आणि मास्टरांची, म्हणजे नौकानयन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची, एडीएम ५२ मध्ये आहेत. एकाच जहाजाच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा. पुष्कळदा एकीतला मजकूर दुसरीत जसाच्या तसा उतरवलेला असतो, तेव्हा दोन साक्षीदार मिळाले असे समजून हुरळून जाऊ नका. तारखांचीही खोच आहे. त्या काळी जहाजावरचा दिवस दुपारी बाराला, म्हणजे जमिनीवरच्या तारखेच्या बारा तास आधी, सुरू होई. त्यामुळे २१ ऑक्टोबर १८०५ रोजी दुपारनंतर ट्रॅफल्गरच्या आरमारी लढाईत जे घडले, ते लॉगबुकांत २२ तारखेखाली सापडते. हे ठाऊक नसलेला अभ्यासक लढाई एक दिवस पुढे ढकलून मोकळा होतो.

ही संशयी नजर एजंटाच्या खुर्चीतही उपयोगी पडते. ललितेतर पुस्तक बहुधा पूर्ण लिहून होण्याआधीच, प्रस्ताव आणि एखाद्या नमुना प्रकरणाच्या जोरावर विकले जाते. प्रस्तावात ‘आजवर अप्रकाशित पत्रे’ असे शब्द दिसले, की ती कोणत्या दप्तरात आहेत आणि छापण्याची परवानगी कोण देणार, हे प्रकाशकाने विचारण्याआधी तुम्ही विचारा. लेखक थोडा दुखावेल, पण त्याला इलाज नाही.

तुमच्या स्वतःच्या पुस्तकासाठी मात्र दुसरा एजंट नेमा. कमिशन वाचवण्याचा मोह होईल. पण ज्या संपादकाकडे सकाळी अशिलाचे हस्तलिखित नेले, त्याच्याशी दुपारी स्वतःच्या आगाऊ रकमेची घासाघीस करणाऱ्याने नेमकी कोणाची बाजू उचलून धरली, असा प्रश्न उद्या अशिलाने केला तर तुमच्याकडे उत्तर नसेल. याहून नाजूक प्रसंग म्हणजे तुम्ही लिहीत असलेल्या लढाईवरच एखाद्या अनोळखी लेखकाचा प्रस्ताव टपालात येणे. तो पुढे वाचू नका. आपले काम त्याच विषयावर चालू असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवा, हस्तलिखित परत करा आणि त्याला साजेशा दुसऱ्या एजंटाचे नाव सुचवा. पुढे त्याचे पुस्तक तुमच्या आधी बाजारात आले, तर ते विकत घेऊन वाचा आणि आपल्या तळटीपांत त्याचा उल्लेख करा.