वाचकांचे प्रश्न : मॅरेथॉन धावणाऱ्या मित्रांसाठी कुठे आणि कसे उभे राहावे?

जानेवारीचा तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा दिवस, सरला की या सदराकडे दोन प्रकारची पत्रे येतात. पहिल्या प्रकारची पत्रे गुडघ्यांविषयी असतात आणि त्यांना आम्ही दरवर्षी उत्तरे देतो. दुसऱ्या प्रकारची पत्रे स्वतः न धावणाऱ्यांची, मित्रमैत्रिणींना पाहायला पहाटे उठून गेलेल्यांची असतात. या वेळी केवळ त्यांचीच निवड केली आहे.

प्रश्न : माझ्या कार्यालयातल्या तीन मैत्रिणी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावतात. एक पूर्ण अंतर धावते, दोघी अर्ध-मॅरेथॉन. गेल्या खेपेस मी आणि माझी मुलगी पहाटेच्या लोकलने निघून मरीन ड्राइव्हला गेलो, सहा वाजल्यापासून उभ्या राहिलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. पण तिघींपैकी एकही दिसली नाही. त्या मात्र म्हणतात की आम्ही तिथूनच गेलो. पुढच्या वेळी नेमके कुठे आणि किती वाजता उभे राहावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मरीन ड्राइव्हची जागा वाईट नव्हती; वेळेचा हिशेब झालेला नव्हता, एवढेच. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. त्याआधी, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, हजारो माणसे सारख्याच कपड्यांत आणि घामाने चिंब होऊन समोरून जात असताना रोजच्या ओळखीचा चेहराही हातून निसटतो. त्यामुळे आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

मैत्रिणीला तिचा पेस विचारावा, म्हणजे एक किलोमीटरला ती किती मिनिटे घेते ते. समजा, तिला ४२.१९५ किलोमीटर पाच तासांत पूर्ण करायचे आहेत. तर किलोमीटरला साधारण सात मिनिटे सात सेकंद पडतात. हौशी धावपटूंची शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते खरी, परंतु गर्दीतून प्रत्यक्ष आरंभरेषा ओलांडायला मागच्या गटातल्यांना दहा मिनिटेही लागू शकतात. म्हणजे पाच वाजून दहा मिनिटांनी निघालेली आपली मैत्रीण पस्तीसाव्या किलोमीटरला नऊ वाजून वीस मिनिटांच्या आसपास पोहोचेल, आणि शेवटी शेवटी पाय जड होतात हे धरले तर साडेनऊ. बिबला, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या पट्टीला, जोडलेल्या चिपमुळे मोबाइलवरच्या ॲपमध्ये तिची वाटेतली वेळही दिसते. मात्र ती नोंद मार्गावर ठरावीक ठिकाणी अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेल्यावरच होते आणि कधी कधी उशिरा झळकते, म्हणून ॲपला घड्याळासारखे मानू नये. ती पाच तासांच्या पेसरबरोबर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोहोचेल अशा एकसारख्या वेगाने धावणाऱ्या वाटाड्याबरोबर, धावत असेल तर काम आणखी सोपे होते, कारण वेळ लिहिलेला झेंडा घेतलेला पेसर लांबूनही दिसतो.

आता जागा. माझ्या मते आपण पस्तीसाव्या किलोमीटरच्या आसपासचा पेडर रोडचा चढ निवडावा. पूर्ण आणि अर्ध्या अशा दोन्ही अंतरांचे धावपटू शेवटच्या टप्प्यात हाजी अलीकडून हा चढ चढून केम्प्स कॉर्नरला उतरतात आणि मग मरीन ड्राइव्हला लागतात, त्यामुळे तिघीही आपल्याला एकाच जागी भेटू शकतील. चढावर वेग आपोआप कमी होतो. समोरचा चेहरा पाहायला आणि नाव घेऊन हाक मारायला पुरेसा वेळ मिळतो. आणि खरे कारण असे की आधाराची गरज तिथेच असते. तीस किलोमीटरच्या पुढे स्नायूंमधला आणि यकृतातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, संपत येतो. धावणारे त्याला ‘वॉल लागली’ असे म्हणतात. आणि नेमका त्याच्या पाठोपाठ मुंबईत हा चढ येतो. आरंभरेषेपाशी सगळे हसतमुख असतात, तिथे आपण नसलात तरी कुणाचे अडत नाही.

डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि नाना चौक, ऑगस्ट क्रांती मार्ग असे चालत केम्प्स कॉर्नर गाठावे. अलीकडच्या वर्षांत मध्य आणि पश्चिम रेल्वे त्या पहाटे जादा लोकल सोडतात. वेळा आदल्या आठवड्यात जाहीर होतात. टॅक्सीच्या भरवशावर राहू नये, कारण रस्ते बंद असतात आणि रस्ता ओलांडायलाही पोलिसांची परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागते. मार्गात दरवर्षी थोडेफार बदल होतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा पाहूनच जागा पक्की करावी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मात्र प्रेक्षकांना जाता येत नाही. तिथे धावणारा आणि समुद्र असे दोघेच असतात.

अर्ध-मॅरेथॉनवाल्या दोघी त्याच वेगाने धावत असतील तर सातच्या सुमारास, अजून पुरते उजाडलेले नसतानाच, जातील. त्या वेळी डोळ्यांपेक्षा आवाजावर भर द्यावा. पूर्ण अंतरवालीसाठी पुढे दोन-सव्वादोन तास थांबावे लागेल, तेव्हा चहाचा थर्मास आणि बसायला वर्तमानपत्र घ्यावे. एक सावधगिरी सांगतो. अव्वल धावपटू हौशींच्या मागाहून, सात वाजून गेल्यावर सुटतात. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने ही शर्यत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत जिंकली, म्हणजे किलोमीटरला जेमतेम तीन मिनिटे. अशी मंडळी आणि पाच तासांवाली आपली मैत्रीण पेडर रोडला जवळपास एकाच वेळी पोहोचण्याचा संभव असतो. पुढे गाड्यांचा ताफा, मागे वाऱ्यासारखे पळणारे ते चार-पाच जण, सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या. आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या कडेने मैत्रीण निघून जाते. त्या वेळी एकीने विजेत्यांकडे आणि एकीने मैत्रिणीकडे बघावे, अशी मायलेकींनी वाटणी करून घ्यावी.

शेवटचा मुद्दा बाजूचा. मी एकदा मैत्रिणीला ‘हाजी अलीला उजवीकडे उभा असेन’ असे कळवले होते. तिने तिचा उजवा हात धरला, मी रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माझा. मध्ये दुभाजक, बांबूचे कठडे आणि माणसांचा लोट. ती शेवटपर्यंत पलीकडच्या कडेला मला शोधत गेली आणि मी तिची पाठ तेवढी पाहिली. तेव्हापासून ‘धावणाऱ्याच्या डाव्या हाताला, अमुक दुकानाच्या पाटीखाली’ असे लिहून देतो. मरीन ड्राइव्हला ‘समुद्राच्या बाजूला’ म्हटले की भागते.

प्रश्न : धावणाऱ्याला काय म्हणावे? गेल्या वर्षी मी मित्राला ‘आता थोडेच राहिले’ असे ओरडून सांगितले, तर तो नंतर माझ्यावर चिडला. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण कितव्या किलोमीटरला उभे होता हे आपण लिहिलेले नाही, पण अंदाज येतो. बत्तिसाव्या किलोमीटरला दहा किलोमीटर उरलेले असतात, आणि ‘थोडेच’ या शब्दाचा अर्थ उभ्या असलेल्या माणसासाठी एक आणि धावणाऱ्यासाठी दुसरा असतो. अंतिम रेषा डोळ्यांना दिसत असेल तरच हे वाक्य उच्चारावे. ‘पुढे आता उतारच आहे’ हेही स्वतः तो रस्ता चालून पाहिल्याशिवाय बोलू नये.

सर्वांत उपयोगी पडते ते नाव. बिबवर नाव छापलेले असेल तर अनोळखी माणसालाही नावाने हाक मारता येते, आणि तिचा परिणाम पाहण्यासारखा असतो. मान खाली घालून, खांदे पाडून येणारा एखादा गृहस्थ आपले नाव ऐकताच चमकून वर बघतो, कोण ओळखीचे भेटले म्हणून शोधतो, मग हसतो आणि पुढची पन्नास पावले तरी सरळ पाठीने टाकतो. नावापुढे ‘शाब्बास’, ‘पाय मस्त पडतायत’, ‘चल रे, चल’ यांपैकी काहीही चालते. चालत असलेल्याला ‘पळा, पळा’ म्हणून टोचू नये. अनेक जण ठरवून काही अंतर चालतात.

फलक करणार असाल तर अक्षरे वीतभर उंच आणि शब्द दोनच असू द्यावेत. देवनागरीत बारीक पेनाने लिहिले की लांबून फक्त शिरोरेषा दिसते, खाली काय लिहिले आहे ते कळत नाही. म्हणून रुंद ब्रशने लिहावे आणि शब्दांत भरपूर मोकळी जागा ठेवावी. विनोदी मजकूर चालतो, परंतु जो वाचायला सात सेकंद लागतात तो विनोद धावणाऱ्यांच्या कामाचा नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरून मॅरेथॉन जाते. यंदा सर्वांनी मिळून खाण्यापिण्याचे वाटप आणि ढोल-ताशा असे दोन्ही करायचे ठरते आहे. काय काळजी घ्यावी? (सोसायटीच्या समितीतील एक सदस्य, दादर)

उत्तर : खाण्याचे आधी. संत्री सोलून, फोडी सुट्या करून ठेवाव्यात. केळ्यांचे अर्धे तुकडे चालतात, पण साली रस्त्यावर पडणार नाहीत याची जबाबदारी आपली. सालीवरून घसरलेला माणूस मी पाहिलेला आहे. चिक्की देण्याचा मोह टाळावा, कारण कोरड्या तोंडात ती दाताला चिकटते आणि पळताना चावता येत नाही. मीठ घातलेले लिंबू सरबत अर्धा पेला भरून द्यावे. भरलेला पेला अर्धा अंगावरच सांडतो. वाटणाऱ्याने पेला बोटांनी घट्ट पकडू नये, उघड्या तळव्यावर ठेवून हात लांब करावा. आणि नऊनंतर ऊन तापले की सगळ्यांत जास्त मागणी बर्फाच्या खड्यांना असते: कुणी मानेवर फिरवतात, कुणी टोपीत टाकतात. कचऱ्याचा डबा टेबलाशेजारी ठेवून काहीच उपयोग होत नाही; तो पन्नास पावले पुढे हवा, कारण पेला रिकामा होईपर्यंत धावणारा तिथे पोहोचलेला असतो.

पाणी पिण्याचा आग्रह मात्र कुणालाही करू नये. गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते आणि ते जिवावर बेतू शकते. वेदनाशामक गोळ्याही टेबलावर ठेवू नयेत. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्यांतल्या अनेक गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. कुणी कोसळला तर त्याला ‘ऊठ, थोडेच राहिले’ म्हणून उभे करू नये. तो हाकेला ओ देतो का, श्वास नीट चालू आहे का हे पाहावे, एकाने जवळच्या वैद्यकीय स्वयंसेवकाकडे धावावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांक लावावा. श्वास थांबलेला असेल आणि आपल्यापैकी कुणी छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घेतलेले असेल, तर त्याने मदत येईपर्यंत दाब देत राहावे.

ढोल-ताशाचे म्हणाल तर सकाळी सहाच्या आधी ध्वनिवर्धकाला बंदी असते, आणि रुग्णालये, शाळा यांच्या भोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकते. आपल्या दादरमध्ये शिवाजी पार्कही २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवले गेले होते, हे समितीला ठाऊक असेलच. पोलिसांना विचारल्याशिवाय ताशा काढू नये. खरे सांगायचे तर स्टीलच्या थाळ्या, चमचे आणि पंचवीस घसे एवढ्यावर चांगले भागते. शिवाय सकाळी साडेसहाला ताशा ऐकून खिडकीत आलेले आजोबा धावणाऱ्यांना काय बोलतील ते आपण छापू शकत नाही.

प्रश्न : शेवटचे दोन किलोमीटर मी पतीच्या बरोबरीने पळत गेले तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चालणार नाही. शर्यतीत भाग न घेतलेल्या व्यक्तीने सोबत पळून वेग देणे हे नियमांनुसार बाहेरची मदत ठरते आणि त्याचा फटका आपल्या पतींना बसू शकतो. शिवाय शेवटचा टप्पा अरुंद आणि गजबजलेला असतो. कठड्याच्या बाहेरून, पदपथावरून, जमेल तितके चालत जावे.

प्रश्न : माझा भाऊ यंदा पहिल्यांदा पूर्ण अंतर धावणार आहे. शर्यत संपल्यावर त्याला कुठे गाठावे आणि सोबत काय न्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अंतिम रेषेपाशी भेटायचे ठरवू नये. तिथे धावणाऱ्यांना थांबू देत नाहीत. पदक, पाणी, खाऊ असे करत पुढे सरकवतात आणि प्रेक्षकांना त्या भागात प्रवेश नसतो. फोनवरही भिस्त ठेवू नये, कारण त्याच्या फोनची बॅटरी संपलेली असेल किंवा फोन सामानघरातल्या पिशवीत असेल. आदल्या दिवशी दोघांनी मिळून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात एक ठळक जागा हेरावी आणि ‘साडेदहापासून मी तिथून हलणार नाही’ असा शब्द द्यावा. उशीर झाला तरी खरोखरच हलू नये. पहिल्या वेळी ठरवलेल्यापेक्षा तासभर जास्त लागणे अगदी नेहमीचे आहे.

सोबत कोरडा शर्ट, टॉवेल, काहीतरी खारट (चिवडा उत्तम, गोड खाऊन तो कंटाळलेला असतो) आणि सैल चपला न्याव्यात. पाय सुजलेले असतात; बूट काढून चपलेत पाय घालतानाचा त्याचा चेहरा पाहून घ्यावा. किती वेळ लागला हे त्याने आपणहून सांगेपर्यंत विचारू नये. मधेच शर्यत सोडावी लागली असेल तर तोही विषय आपण काढू नये. चिवडा पुढे करावा.

आणि स्थानकाकडे जाताना भुयारी मार्गाच्या पायऱ्या लागतील, तिथे त्याच्या पुढे राहावे. चढताना फारसे काही होत नाही. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ओरडू लागतात. बरेच जण कठडा धरून आडवे किंवा चक्क उलटे उतरतात. त्या सकाळी तिथे त्याला कुणी हसणार नाही, कारण शेजारचे तीन जण तसेच उतरत असतील.