बादलीतल्या पाण्यासाठी घरचे स्नानमीठ

प्रश्न : दिवसभर उभ्याने काम केल्यामुळे संध्याकाळी पाय भरून येतात. बाजारातल्या सुगंधी स्नानमिठाची लहानशी बरणीही परवडत नाही, म्हणून मागच्या पावसाळ्यात जाडे मीठ, सोडा आणि सुगंधी तेल घरीच एकत्र केले, तर आठवड्याभरात त्याचा दगड झाला आणि तळाशी पाणी सुटले. आमच्याकडे टबही नाही. काय चुकले?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपण मीठ न वाळवताच बरणीत भरले असावे. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडचा अंश राहतो आणि तो हवेतला ओलावा ओढून घेतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीच्या वेळी मीठ भराल, तेव्हाच त्यातले तीन वाट्या बाजूला काढून कडक उन्हात स्टीलच्या ताटात दोन दिवस पसरावे. पाऊस लागला असेल, तर स्टीलच्या कढईत मंद आचेवर परतावे. आधी दाणे उलथन्याला चिकटतात, मग तडतडतात आणि शेवटी वाळूसारखे सुटे होऊन सळसळतात, तेव्हा गॅस बंद करावा. लोखंडी कढई मिठाने गंजते, ती नको. मिठाची करडी छटा मिठागराच्या मातीची असते. ती पाण्याच्या तळाशी बसते.

पूर्ण थंड झालेल्या या मिठात अर्धी वाटी खाण्याचा सोडा मिसळावा. धुण्याचा सोडा त्वचेला फार तीव्र असतो, त्यामुळे पुडी नीट पाहून घ्यावी. अनेकजण एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटही घालतात. घालायचेच असेल तर खताच्या दुकानातले न आणता औषधांच्या दुकानातले आणावे आणि ते भाजू नये, कारण तापवले की त्याच्या स्फटिकांतलेच पाणी सुटते. मात्र त्वचेतून मॅग्नेशियम पुरेसे शोषले जाते याला भक्कम पुरावा नाही आणि पाय हलके वाटतात ते मुख्यतः कोमट पाण्यामुळे, म्हणून हा खर्च मी तरी वाचवीन.

सुगंधी तेल थेट पाण्यात टाकल्यास ते वर तरंगते आणि त्वचेला झोंबते. दोन लहान चमचे खोबरेल तेलात त्याचे पाच-सहा थेंब कालवून मग ते मिठाला चोळावे. त्याहून स्वस्त आणि मला अधिक आवडणारा उपाय म्हणजे वाळ्याच्या कोरड्या मुळ्यांची पुरचुंडी बादलीत सोडणे. ताजी फुले किंवा लिंबाची ओली साल बरणीत घालू नये, बुरशी येते.

टब नसल्याने काहीच अडत नाही. अर्ध्या बादली कोमट पाण्यात पाव वाटी मिश्रण विरघळवून पंधरा मिनिटे पाय बुडवावेत, नंतर साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तेलामुळे लादी निसरडी होते, ती लगेच पुसावी. मधुमेह असल्यास पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि पाणी किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे; पायाला जखम असताना किंवा सूज उतरत नसतानाही तसेच करावे. बरणी घट्ट झाकणाची, काचेची घ्यावी, तिच्यात ओला चमचा घालू नये आणि ती स्वयंपाकघरातल्या मिठाशेजारी ठेवू नये.