जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सला आलेल्या नव्या मुलांची ओळख कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की लेक यंदा अथेन्सला जॉर्जिया विद्यापीठात जातेय, शनिवारचे सामने घरात सुरू झालेत, बॉल फेकणारा क्वार्टरबॅक आणि तो झेलणारे रिसीव्हर ह्यांची नावं टीव्हीवाल्यांमुळे आपोआप पाठ होतात, पण डिफेन्सला नवीन आलेली पोरं कोण, त्यातलं कोण चांगलं, हे काही केल्या कळत नाही. आणि रिक्रूटिंगच्या साइटवर शाळेतल्या खेळाडूंना दिलेले स्टार (पाच म्हणजे सर्वात वरचे) बघून ठरवावं का, असंही विचारलंय.

स्टार एकदा बघा आणि बाजूला ठेवा. हायलाइटचे व्हिडिओ तर बघूच नका, निदान डिफेन्सच्या मुलांचे तरी. शाळेतले पूर्ण सामने मिळाले तर ते बघा.

हे मी ठामपणे सांगते, कारण ते व्हिडिओ ज्या फुटेजमधून कापले जातात ते फुटेज मी काढलेलं आहे. माझा मुलगा जॉर्जियातल्याच ग्विनेट काउंटीतल्या एका हायस्कूलकडून लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या रांगेमागे उभा राहणारा, खेळायचा. तो टीममध्ये होता तोवर एंड झोनचा कॅमेरा माझ्याकडे होता. मैदानाच्या टोकाला एक उंच दांडा उभा करतात, त्यावर कॅमेरा, खाली छोटा मॉनिटर आणि फिरवायला जॉयस्टिक. स्टँडमध्ये बसलेल्याला बॉल दिसतो. मला अकराच्या अकरा जण एकामागे एक दिसायचे, कोणाचा पाय कुठे, कोण कोणत्या फटीत घुसतोय, सगळं. कोचने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बॉलच्या मागे कॅमेरा पळवायचा नाही, लाइन, म्हणजे बॉलजवळची पुढची रांग, फ्रेममध्ये राहिली पाहिजे. सामना संपला की त्याच रात्री सगळं हडल ह्या फुटेजच्या साइटवर चढवायचं, कारण शनिवारी सकाळी कोच लोक एकेक स्नॅप, म्हणजे बॉल मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव, थांबवून प्रत्येक मुलाला मार्क देत बसायचे.

तर त्या टीममध्ये एक नोज टॅकल होता. माझ्या मुलाच्या वर्गातला, आमच्या घरी येणारा जाणारा. नोज म्हणजे बॉलच्या अगदी समोर उभा राहणारा. स्नॅप झाला की समोरचा सेंटर आणि बाजूचा गार्ड, दोघं मिळून ह्याच्या अंगावर. दर वेळी. मॉनिटरवर मला त्याची पाठ दिसायची. पहिलं पाऊल छोटं, कंबर खाली, दोन्ही हात समोरच्याच्या छातीत आणि मग तिथेच रोवलेला. दोघांना मिळून तो एक यार्डही मागे सरकायचा नाही. उठायचा तेव्हा हेल्मेटच्या जाळीत गवत अडकलेलं असायचं, बोटांवरच्या पट्ट्या सुटून लोंबत असायच्या, त्या दातांनी घट्ट करत तो परत आपल्या जागी येऊन वाकायचा.

आता ह्याचा परिणाम बघा. दोन माणसं त्याच्यात गुंतली, म्हणजे मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर यायला कोणी उरलं नाही. माझ्या मुलाला समोर मोकळा रस्ता. तो धावत यायचा, बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला पाडायचा, लाउडस्पीकरवर त्याचं नाव, स्टँडमध्ये टाळ्या. स्कोअरशीटवर टॅकल माझ्या मुलाच्या नावावर. नोजच्या नावावर शून्य.

त्या मुलाची आई रात्रपाळीला असायची, म्हणून त्याचा हायलाइट बनवायला मी आणि माझा मुलगा बसलो. अख्ख्या सीझनचं फुटेज चाळलं. सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आधीच पाडणं, जवळजवळ नाहीच. मग आम्ही त्याने दोघांना रोखून धरलेले प्ले निवडले, प्रत्येकात त्याच्याभोवती गोल काढला आणि पाठवून दिलं. एका कॉलेजच्या रिक्रूटिंगवाल्याने फोनवर सांगितलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात सॅक दिसला नाही तर मी पुढे बघत नाही. त्याच उन्हाळ्यात एका कॅम्पला गेलो. तिथे मुलांना रांगेत उभं करून उंची, वजन, मग खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजतात. टेप धरणारा आकडा ओरडतो, दुसरा कागदावर लिहितो. ह्याचा आकडा ऐकून लिहिणाऱ्याने मान वरसुद्धा केली नाही. त्याला शेवटच्या गटात टाकलं आणि दिवसभरात दोनदा लाइनवर उभं केलं. चाळीस डॉलर फी घेतली होती त्यांनी, आणि ती भरायला त्या पोराने गवत कापण्याची कामं केली होती.

पुढे त्याला राज्यातल्याच एका छोट्या कॉलेजने घेतलं आणि दुसऱ्या वर्षापासून तो तिथे पहिल्या अकरात होता. पण माझ्या मनातून तो कॅम्प जात नाही.

त्याच हिवाळ्यात थँक्सगिव्हिंगला माझे दीर न्यू जर्सीहून आले होते. प्लेऑफचा सामना होता, तोही त्यांनी बघितला. भाऊजींना कॉलेज फुटबॉलचं फार वेड. कोणाला किती स्टार, कोण कोणत्या कॉलेजकडे साइन करतोय, सगळं तोंडपाठ. रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा पोरगा भारी खेळतो, पण तो मधला जाड्या नुसता लोळत असतो, त्याला कशाला खेळवतात?" तो मुलगा तेव्हा आमच्याच हॉलमध्ये बसला होता. त्याला मराठी कळत नव्हतं हे नशीब. पाहुण्यांसमोर कुठे वाद घालायचा म्हणून मी गप्प बसले. पण मग दर वर्षी हाच विषय निघतो, आणि दर वर्षी त्यांचं एकच की चांगला असता तर स्टार मिळाले नसते का.

म्हणून जॉर्जियाचंच उदाहरण घेऊ, तुम्हालाही तेच हवंय. 2021 चा डिफेन्स. 15 सामन्यांत मिळून 153 गुण दिले, म्हणजे सामन्याला जेमतेम दहा. जानेवारी 2022 मध्ये इंडियानापोलिसला अलाबामाला 33-18 हरवून 1980 नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्या डिफेन्सच्या मधोमध कोण होता? जॉर्डन डेव्हिस. शार्लटहून आला तेव्हा तीन स्टार. त्याच्या वर्षी कौतुक सगळं दुसऱ्यांचं चाललं होतं. 2021 मध्ये त्यालाच आउटलंड (लाइनमधला सर्वोत्तम) आणि बेडनारिक (डिफेन्समधला सर्वोत्तम), दोन्ही पुरस्कार मिळाले, आणि त्याचा टॅकलचा आकडा बघाल तर वाटेल हा साधा खेळाडू आहे. त्याच्यामुळे मागे लाइनबॅकर नकोबी डीनला धावायला मोकळं मैदान मिळायचं. त्याच वर्षी सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार डीनला. डीन स्वतः कमालीचा हुशार, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करत खेळला, ते श्रेय कोणी काढून घेत नाही. पण समोरच्या लाइनमध्ये डबल टीम, म्हणजे दोघादोघांचा मार, खाणारे नसते तर त्याला तेवढं दिसलं असतं का, हे भाऊजींनी सांगावं.

आणि त्याच डिफेन्समधला ट्रॅव्हॉन वॉकर. जॉर्जियातल्याच थॉमस्टनचा, शाळेत बास्केटबॉलही खेळायचा. 2021 च्या सीझनमध्ये त्याचे सॅक 6. त्याच वर्षी मिशिगनच्या एडन हचिन्सनचे 14. तरी 2022 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजातली मुलं निवडतात तेव्हा, पहिला वॉकर गेला, हचिन्सन दुसरा. ह्यावर अजून लोक भांडतात. मला विचाराल तर ज्यांनी वॉकरचे सॅक नसलेले स्नॅप बघितले त्यांना त्यात नवल वाटलं नाही. तो कधी आत, लाइनच्या मध्यात उभा, कधी बाहेर, कधी मागे सरकून पासवर. जे सांगितलं ते केलं. त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जॉर्जियाच्या डिफेन्सचे पाच जण गेले. त्यातला डेवॉन्टे वायट तर आधी कॅन्ससमधल्या हचिन्सन कम्युनिटी कॉलेजातून फिरून आलेला.

तर पूर्ण सामन्यात काय बघायचं? शाळांचे बरेच सामने एनएफएचएस नेटवर्क ह्या ऑनलाइन सेवेवर पूर्ण मिळतात. पोरगा लाइनमधला असेल तर बॉलकडे बघू नका, त्याची कंबर बघा. स्नॅपनंतर तो सरळ उभा राहिला तर तो ढकलला जाणार, शाळेत नाही तर कॉलेजात. शाळेत त्याचं वजनच समोरच्याला पुरतं, म्हणून दोष झाकला जातो. थंडीत कुस्ती खेळणारी पोरं ह्यात बहुधा उजवी असतात. लाइनबॅकर असेल तर खोटा हँडऑफ (बॉल दुसऱ्याच्या हातात दिल्याचं नाटक) झाला की त्याची पहिली दोन पावलं कुठे पडतात ते बघा. कॉर्नर, म्हणजे कडेला रिसीव्हरला अडवणारा, त्याचा हायलाइट म्हणजे सगळा इंटरसेप्शनचा, समोरच्यांचा बॉल मधेच पकडण्याचा, पण खऱ्या चांगल्या कॉर्नरच्या बाजूला शाळेतले क्वार्टरबॅक बॉल टाकतच नाहीत, मग दाखवणार काय? सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा राखणदार, असेल तर स्नॅपच्या आधी तो हात करून बाकीच्यांना जागा दाखवतो का ते बघा. गप्प उभा राहणारा सेफ्टी मला आवडत नाही. आणि सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट: प्ले दुसऱ्या बाजूला गेल्यावर तो धावतो की चालतो. हे हायलाइटमध्ये कधीच नसतं. टीम तीस गुणांनी पुढे असताना चौथ्या क्वार्टरला जो धावतो त्याचं नाव लिहून ठेवा.

नावं म्हणाल तर ती दर वर्षी बदलतात, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलायच्या सोयीमुळे, 2025 पर्यंत तर वर्षात दोनदाही बदलल्यासारखी वाटायची. बहुतेक मुलं डिसेंबरात साइन करतात आणि शाळा लवकर संपवून जानेवारीतच अथेन्सला राहायला येतात, वसंतातल्या सरावापासून टीमबरोबर असतात. त्यामुळे उन्हाळ्यात रोस्टर, म्हणजे टीमची यादी, उघडलंत तर उंची, वजन, गाव, शाळा सगळं मिळेल. गावाकडे लक्ष द्या, त्यातून खूप कळतं. सेफ्टी के. जे. बोल्डन आमच्या इथल्या बुफर्डचा. डिसेंबर 2023 मध्ये ऐन साइनिंगच्या दिवशी फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडून जॉर्जियाला आला तेव्हा इथल्या किराणा दुकानातसुद्धा तोच विषय होता. लाइनमधला एलायजा ग्रिफिन सवानाचा. कोण कुठल्या शाळेचा, त्या शाळेचा कोच कसा, समोर कोणत्या टीम असायच्या, हे माहीत झालं की पोरगा ओळखीचा होतो. हेड कोच कर्बी स्मार्ट स्वतः ह्याच कॉलेजात सेफ्टी खेळलेला, जॉर्जियाचाच. त्याला गावांची ही नस माहीत आहे असं मला कायम वाटतं.

पहिल्या वर्षी कोणी दिसला नाही तर त्याच्यावर फुली मारू नका. 2018 मध्ये नियम आला की चार सामन्यांपर्यंत खेळला तरी कॉलेजात खेळायच्या ठरलेल्या वर्षांतलं त्याचं ते वर्ष खर्ची पडत नाही. कॉर्नर केली रिंगो ॲरिझोनाहून पाच स्टार घेऊन आला आणि खांद्याच्या ऑपरेशनमुळे 2020 चा अख्खा सीझन बाहेर बसला. पुढच्याच सीझनच्या शेवटी अलाबामाविरुद्ध बॉल पकडून 79 यार्ड धावला, तोच सामना संपवणारा टचडाउन. एप्रिलमधल्या जी-डेच्या आपसातल्या सामन्यावरूनही काही ठरवू नका, तिथे डिफेन्स अर्धासुद्धा दाखवत नाहीत.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. स्टार अगदीच पोकळ नसतात. ट्रॅव्हॉन वॉकर आणि डीन दोघंही पाच स्टारचे होते, आणि एनएफएलला जाण्याचं प्रमाण पाच स्टारवाल्यांत तीन स्टारवाल्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. माझं भांडण फक्त मधल्या लाइनपुरतं आणि हायलाइटपुरतं आहे. आणि दुसरं, हात जोडून सांगते, ओळख करून घ्यायची म्हणून ह्या पोरांना सोशल मीडियावर मेसेज करू नका. 2021 पासून त्यांना नावावर पैसे कमावता येतात हे खरं, पण म्हणून सामना हरल्यावर रात्री शिव्या खायला ती बांधील नाहीत. अठरा वर्षांची आहेत. तुमच्या लेकीच्या वर्गात बसतील.

पहिल्या घरच्या सामन्याला सॅनफर्ड स्टेडियमवर जाल तेव्हा तिकीट जमल्यास एंड झोनच्या बाजूचं, वरचं काढा. लोक म्हणतील तिथून काही दिसत नाही. डिफेन्स तिथूनच दिसतो. एक ड्राइव्ह, म्हणजे समोरची टीम बॉल घेऊन चालून येते तेवढा वेळ, फक्त बॉलसमोरच्या माणसाकडे बघा, त्याच्यावर किती जण येतात ते मोजा, आणि मागे टॅकल कोणी केला तेही.

भाऊजी, तुम्ही ह्या साइटवर असता हे मला माहीत आहे. त्या प्लेऑफच्या सामन्याचं सगळं फुटेज माझ्याकडे आहे. मधल्या फटीतून त्या दिवशी एकदाही पहिला डाउन, म्हणजे दहा यार्डांची चाल, निघाला नाही. दिवाळीला येताय ना, टीव्हीला लावते, तुम्ही रिमोट घ्या आणि तो कुठे लोळतोय ते थांबवून दाखवा.