ऑनलाइन ओळख-बैठकीत आपली पाळी आली की आवाज का फुटत नाही?

‘माझं काम चांगलं असतं असं सगळे म्हणतात. पण झूमवर माझी पाळी आली की तोंडातून शब्द फुटत नाही. ओळखी नाहीत म्हणून कामं नाहीत. मी या क्षेत्रात टिकणार कशी?’ ऐरोलीहून आलेल्या एका संपादक बाईंचा हा प्रश्न. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरून लिहिणारे, संपादन किंवा भाषांतर करणारे कितीतरी जण हेच विचारत असतात.

बाई ई-लर्निंगचा मराठी मजकूर तपासतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात कार्यक्रम असला की जातात आणि नंतर अनोळखी लोकांशीही मोकळेपणानं बोलतात. म्हणजे माणसांची भीती नव्हती, अडत होतं ते पडद्यासमोर. लेखक-संपादकांच्या एका ऑनलाइन बैठकीत सुरुवातीचा वेळ त्यांनी कॅमेरा आणि माइक बंद ठेवून काढला. मग एकदम ब्रेकआउट रूम, म्हणजे मोठ्या बैठकीतून काढलेल्या छोट्या गटाची वेगळी खोली, उघडली. समोर तीन चेहरे आणि पहिली पाळी त्यांचीच. त्यांनी ‘लीव्ह’ दाबलं, ‘नेट गेलं होतं’ असा निरोप पाठवला आणि पुढचे दोन दिवस स्वतःला बोल लावत बसल्या.

इथं दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली माध्यमाची. प्रत्यक्ष बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. व्हिडिओ कॉलवर आवाज जरा उशिरा पोचला तरी हा ताल मोडतो. दोघं एकदम बोलतात, दोघंही थांबतात. त्या शांततेचा अर्थ घाबरलेलं मन ‘मी कंटाळवाणी आहे’ असा लावतं. शिवाय स्वतःचा चेहरा सतत दिसत असतो, म्हणजे समोर आरसा धरून गप्पा मारायच्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यात हे एक आहे. बाकीची तीन म्हणजे फार जवळून रोखलेल्या नजरा, हालचालीला नसलेली जागा आणि हावभाव वाचायला पडणारा जादा ताण.

दुसरी गोष्ट मनाची. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, लोकांसमोरची भीती टिकते ती दोन सवयींमुळे: सगळं लक्ष स्वतःवर ठेवणं आणि बचावासाठी छोट्या पळवाटा काढणं. कॅमेरा बंद ठेवणं, लिहून आणलेलं वाचणं, पाळीआधी निघून जाणं या त्या पळवाटा. त्यांनी तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, पण ‘बोलले असते तर काय झालं असतं’ हे कधी तपासलंच जात नाही. म्हणून बाईंना ‘धीट व्हा’ असं सांगण्यात अर्थ नव्हता. पळवाटा एकेक करून काढायच्या होत्या.

सुरुवात सेल्फ व्ह्यूपासून, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आपल्याच चेहऱ्यापासून केली. झूममध्ये आपल्या चौकटीवरच्या तीन टिंबांवर गेलं की ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ मिळतं. इतरांना आपण दिसत राहतो, आपल्याला आपण दिसत नाही. कॅमेरा बंद ठेवणं आणि हे, यांत मोठा फरक आहे: पहिल्यात आपण लपतो, दुसऱ्यात लक्ष समोरच्याकडे वळतं. बैठकीआधी एका मैत्रिणीला कॉल लावून उजेड आणि आवाज तपासून घेतला. प्रकाश चेहऱ्यावर हवा. खिडकी पाठीशी असली तर चेहरा काळा दिसतो आणि मग माणूस पुन्हा स्वतःकडेच बघत बसतो.

घर वन बीएचके, पुढची बैठक रात्री साडेआठची. नेमकी कुकरच्या शिट्ट्यांची आणि घरची माणसं लोकलनं परतण्याची वेळ. म्हणून घरात आधीच सांगून स्वयंपाक लवकर उरकला, वायरचा इयरफोन घेतला. बैठक परदेशातली असेल तर वेळ नीट पाहावी. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. तिकडचं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतं, आणि तासाभराच्या घोळात बैठक हुकलेले लोक खूप आहेत.

मग ओळख. वेळ ३० सेकंद, म्हणजे फार तर ६०-६५ शब्द. बाईंचा पहिला मसुदा शिक्षणापासून सुरू होऊन नम्रतेत संपत होता. बदलून तो असा झाला: ‘मी ऐरोलीहून बोलतेय. मुलांसाठीचा अनुवादित मराठी मजकूर मी संपादित करते, म्हणजे अवघड वाक्यं आठवीच्या मुलाला कळतील अशी करते. सध्या विज्ञानाचे धडे हातात आहेत. पारिभाषिक शब्दांची यादी तुम्ही कशी सांभाळता?’ शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्यानं पाळी दुसऱ्याकडे जाते आणि आपल्याला ऐकायचं काम मिळतं. हा मजकूर वाचायचा नाही. ‘ऐरोली, आठवी, यादी’ एवढे तीन शब्द चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याशेजारी चिकटवले. वाचताना आवाज सपाट होतो, आणि मध्ये कुणी टोकलं की ओळ हरवते.

दराच्या प्रश्नाची त्यांना वेगळी धास्ती होती. दर शब्दामागे, पानामागे की तासामागे, हे आधी ठरवावं. मुद्रितशोधन आणि संपादन यांचे दर वेगळे सांगावेत. ‘मजकुराचा नमुना पाहून सांगते’ हेही पूर्ण उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही.

बैठकीआधी त्यांनी वहीत लिहिलं: ‘मी अडखळेन आणि लोक विषय बदलतील.’ याची खात्री किती? ऐंशी टक्के. दोन मिनिटं सावकाश श्वास घेतला, आत चार मोजून, बाहेर सहा मोजून. उद्दिष्ट एकच: दोन माणसांना प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा.

त्या अडखळल्याच. ‘पारिभाषिक’ शब्दावर जीभ अडली. विषय कुणी बदलला नाही. उलट एका अनुवादकानं आपल्या यादीतले रकाने वाचून दाखवले: मूळ शब्द, मराठी शब्द, संदर्भ, कुणी ठरवला. चॅटबाबतची पूर्वसूचनाही कामी आली. ब्रेकआउट रूममधल्या गप्पा बहुधा त्या रूमपुरत्याच असतात आणि बैठक संपली की मजकूर हातचा जाऊ शकतो, म्हणून संपर्क तिथल्या तिथे उतरवून घ्यावेत. खासगी संदेश पाठवण्याआधी तो कुणाला जातोय हे वर पाहावं, नाहीतर तो सगळ्यांना जाऊ शकतो.

बैठकीनंतरची रात्र जपायची असते, कारण मन तेव्हा फक्त चुका उगाळतं. वहीत तीन घडलेल्या गोष्टी लिहायच्या आणि वही मिटायची. दोन दिवसांत संदेश पाठवायचा, चार ओळींचा, कुठल्या बोलण्यावरून आठवण झाली ते सांगणारा. पहिल्याच संदेशात काम मागू नये, बायोडेटा जोडू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात दाखवलं होतं की नव्या संधींची खबर जवळच्यांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अनेकदा येते. जवळच्यांना जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं.

हीच धास्ती फोनवर, बँकेत, नातेवाइकांतही महिनोन्‌महिने टिकून असेल, झोप उडत असेल, तर एवढ्यावर भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

बाईंनी दोघांना संदेश पाठवले, एकाचं उत्तर आलं. काम अजून आलेलं नाही, यादीचा नमुना मात्र आला, आणि त्यावर त्यांची चर्चा चालू आहे. ‘लोक विषय बदलतील’ याची खात्री आता तीस टक्क्यांवर आहे. पुढच्या बैठकीत चिठ्ठी काढून टाकायची, असं त्यांनीच ठरवलंय.