मुलीसाठी फ्रेंच वळणाचं, फारसं न ऐकलेलं नाव कोणतं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, बारसं आठवड्यावर आलंय आणि 'अमेली' की 'सोलेन' यावर घरात एकमत होत नाहीये. मी सांगलीची, सहा वर्षांपूर्वी याच गोंधळातून गेलेय.

'सोलेन' आधी खोडा. तिकडे कितीही गोड वाटो, शाळेत कुणीतरी "काय सोलेन? लसूण?" विचारणारच. 'अमेली'ची शेवटची दोन अक्षरं ऐकून आमच्या सासूबाईंनी कानावर हात ठेवले होते. 'माएल'चं दोन दिवसांत 'मैल' झालं. 'मिरेय'वर माझा फार जीव होता. प्रोव्हान्सकडचं नाव, मिस्त्राल या कवीच्या १८५९ च्या काव्यामुळे गाजलेलं. दीर म्हणाले, "मिरज कशाला, सांगलीच ठेवा की!" संपलं.

दुसरी अडचण स्पेलिंगची. फ्रेंच लोक शेवटची अक्षरं बऱ्याचदा गिळतात. 'मार्गो'च्या शेवटी ए-यू-एक्स असतं. हजेरी घेताना बाई 'मार्गॉक्स' म्हणणार. आणि बरोबर म्हणाल्या तर साबण आठवणार.

आम्ही शेवटी 'सिल्वी' ठेवलं. लॅटिनमध्ये सिल्वा म्हणजे रान, तेव्हा आपली वनजाच म्हणा. पत्रिकेत शततारकेचं 'सी' आलं होतं, त्यामुळे भटजीही खूश. वन्संनी पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि तशाच वाकलेल्या, मान वळवून मला विचारतात, "वैनी, शिल्वी का सिल्वी?" आज घरात ती 'शिलू' आहे. पुढे कळलं, फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात घरोघरी सिल्व्या होत्या, आता त्या आज्या झाल्यात. म्हणजे आपल्याकडच्या सुनंदा-शालिनीच. असू दे, सांगलीत आमच्या विश्रामबागेत तरी एकच आहे.

तुमच्यासाठी मी 'नोएमी' सुचवेन. मूळ हिब्रू, अर्थ गोडवा, प्रसन्नपणा असा. फ्रेंचांनी आपलंसं केलेलं. म्हणायला सोपं, आजीला 'नमू' म्हणता येतं. 'ओरोर' म्हणजे पहाट, अर्थाने आपली उषाच, पण त्यातला घशातला 'र' आपल्याला जमत नाही, नुसती गुरगुर होते. ठरवण्याआधी संध्याकाळी गच्चीवरून आडनावासकट तीनदा हाक मारून बघा. शेजारच्या काकूंनी "कोण आलंय?" विचारलं तर पुन्हा विचार करा.

आणि बारशाची तारीख गाठायची म्हणून घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण दाखल्यावर नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. मात्र इंग्रजी आणि मराठी, दोन्ही स्पेलिंगं कागदावर लिहूनच न्या. आम्ही तोंडी सांगितलं आणि दाखल्यावर 'सिलव्ही' आलं. दुरुस्तीला तीन खेपा झाल्या.