दीडशे किलोमीटरला पंचावन्न मिनिटं कशी?

प्रश्न : दोन शहरांमधलं सरळ हवाई अंतर १५० किलोमीटर आहे. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने उडतं, म्हणजे अकरा-बारा मिनिटांत पोहोचायला हवं. तिकिटावर मात्र जाताना ५५ आणि येताना ६५ मिनिटं लिहिलेली असतात. विमान कंपन्या वेळ फुगवून सांगतात का?

उत्तर : फुगवतात, थोडी. विमान 'वेळेवर' पोहोचलं असं मिरवता यावं म्हणून वेळापत्रकात चार-पाच मिनिटं जादा धरलेली असतात. पण तेवढ्याने तुमचं गणित जुळणार नाही. उड्डाणांचं नियोजन करण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि सगळ्यात किचकट आखणी असायची ती अशा जवळच्या शहरांचीच.

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लागेपर्यंतची ती वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, उतरल्यावर पुन्हा रांगत फाटकापर्यंत येणं आलं. गर्दीच्या विमानतळांवर यातच वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

आता ते ८०० किलोमीटर. हा वेग उंचावरच्या विरळ हवेतला. दहा हजार फुटांच्या खाली बहुतेक देशांत २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर. मग वर जाऊन वेग का घेत नाहीत? कारण खाली यायला जागा लागते. हजार फूट उतरायला सुमारे तीन सागरी मैल, हा वैमानिकांचा ठोकताळा. तीस हजार फुटांवरून उतरायचं तर ९० सागरी मैल, म्हणजे १६५ किलोमीटरच्या वर. तुमचं तर अख्खं अंतरच १५०! चढून होतं न होतं तोच उतरायला सुरुवात करावी लागते, त्यामुळे जेट आपला खरा वेग दाखवूच शकत नाही. म्हणून अशा मार्गावर पंख्याचं एटीआर ७२ दिसलं तर नाक मुरडू नका. ते ताशी ५०० च्या आसपास उडतं, तरी जेटच्या मागे फार तर पाचेक मिनिटं पडतं, आणि इंधन बरंच कमी पितं.

शिवाय ते १५० किलोमीटर विमान सरळ कापत नाहीच. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं; गाव पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असेल तर आधी उलट दिशेला उडून मग वळायचं. उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत पंधरा-वीस किलोमीटर आधीच यावं लागतं.

या सगळ्यातून सुटका कुठे होते, तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं, आणि विक्रम ५३ सेकंदांचा! विमान चिमुकलं, ना रांग, ना उंची गाठायची गरज. पण तिथे मध्ये समुद्र आहे. तुमच्या दोन शहरांमध्ये धड रस्ता किंवा रेल्वे असेल, तर मी विमानाच्या वाटेला जाणार नाही.

राहिली परतीची जादा दहा मिनिटं. लोक वाऱ्याला दोष देतात, पण इतक्या कमी अंतरात नेहमीच्या वाऱ्याने चार-पाच मिनिटांच्या वर फरक पडत नाही. बहुधा तुमचं परतीचं विमान मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर उतरत असणार. तिथे उतरण्याचा नंबर लागेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात, आणि ती वेळ कंपनी आधीच धरून ठेवते. भल्या पहाटेचं विमान घेऊन बघा, बऱ्याचदा तिकिटावरच्या वेळेआधी उतरतं.